एक तारा देणाऱ्या ताईंना उत्तर, आधी उरलेल्या माशाबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय सकाळी वाचला. तुम्ही लिहिलंय की मुलाच्या वाढदिवसासाठी आमच्याकडून तीन फुटी टाकी आणि टॉप फिल्टर घेतला. आम्ही त्या दिवशी मासे द्यायला नकार दिला आणि ‘महिनाभर रिकामी चालवा’ असं सांगितलं. मग तुम्ही दुसरीकडून चार गोल्डफिश आणले. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं म्हणून सगळं पाणी काढून टाकी घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला, तरी आठवड्यात तीन मासे गेले. फिल्टर खराब आहे, त्याचे पैसे परत द्या, आणि लहान बाऊलचं काम असताना आम्ही महागडी टाकी गळ्यात मारली, अशा तुमच्या तक्रारी आहेत. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही, हे वाचून फार वाईट वाटलं.

पैशांचं पुढे बोलू. एक मासा अजून आहे, तो वर येऊन तोंड उघडझाप करतोय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला वाचवायची वेळ अजून गेलेली नाही, म्हणून आधी तेच.

आज अर्धं पाणी बदला. पूर्ण नाही, अर्धंच. नवीन पाण्यात अँटीक्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणारं औषध, बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला आणि पाच मिनिटं ढवळून मगच टाकीत ओता. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अजिबात घेऊ नका, या दिवसांत ते हाताला चटका देतं. सकाळी लवकर घ्या किंवा बादलीत भरून घरात निवू द्या. टाकीतल्या आणि बादलीतल्या पाण्यात हात घातला तर फरक कळता कामा नये. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. मुलाला समजावून सांगा, गोल्डफिश दोन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. उद्यापासून रोज पाव टाकी पाणी याच पद्धतीने बदलत राहा. आणि स्पंजला हात लावू नका.

आता मासे का गेले ते सांगतो. तुम्ही कष्ट कमी घेतले असं मुळीच नाही. टाकी इतक्या मनापासून कुणी क्वचितच घासतं. पण गोल्डफिश कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी नितळ असलं तरी असतो, आणि त्याने कल्ले जळतात. जुन्या, चालत्या टाकीत स्पंजवर, खड्यांवर, काचेवर दोन प्रकारचे जिवाणू वसलेले असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बराच सौम्य, आठवड्याला पाव ते एकतृतीयांश पाणी बदललं की आटोक्यात राहतो. हे जिवाणू हळू वाढतात. कोऱ्या टाकीत त्यांची वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही महिना मागितला तो यासाठी.

रिकामी टाकी चालवायची म्हणजे नुसती मोटर सुरू ठेवायची नाही. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मग मासा आणायचा. तुम्ही स्पंज नळाखाली धुतला तेव्हा त्यावर जे थोडेफार जिवाणू जमत होते तेही गेले. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे 70 किलोमीटर पाइपातून इंदूरला येतं, ते प्यायचं पाणी आहे, त्यात क्लोरीन असायलाच हवं. पण त्याच क्लोरीनने स्पंजवरचे जिवाणू मरतात आणि माशाचे कल्ले सोलवटतात. स्पंज फार गच्च झाला तर टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, बस. तो तपकिरी, बुळबुळीत दिसतो तेव्हाच तो कामाचा असतो.

तुमच्या वस्तीत नळ एक दिवसाआड येतात आणि मधे बोरिंगचं पाणी वापरता, असंही लिहिलंय. बोरिंगचं पाणी गोल्डफिशला चालतं, त्यात क्लोरीनही नसतो. पण त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप, पाहून घ्या. पीएच एकाने वाढला की अमोनियातला खरा घातक भाग जवळजवळ दहापट होतो. एक दिवस नर्मदा, दुसऱ्या दिवशी बोरिंग असा बदल माशाला सोसत नाही. एकच पाणी ठरवा. नर्मदेचं असेल तर ते साठवून ठेवता येईल.

उन्हाळ्याचाही भाग आहे. 20 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसात. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा, आणि गरम पाण्यात त्याला श्वास जास्त लागतो. दुपारी टाकीवरचं झाकण उघडून समोर टेबल फॅन लावा, पाणी दोन-तीन अंश उतरतं. बर्फ थेट टाकू नका.

बाऊलबद्दल मला मनापासून सांगायचंय. बाऊल विकणं दुकानदाराला सोपं असतं. त्यातला मासा थोड्या दिवसांत जातो, गिऱ्हाईक पुन्हा येतं, पुन्हा मासा नेतं. आम्ही बाऊल ठेवतच नाही. ‘भांड्याएवढाच मासा वाढतो’ हे ऐकायला बरं वाटतं, पण घाणेरड्या पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि तो लवकर मरतो. नीट ठेवला तर हा मासा दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. ओरांडा, ब्लॅकमूरसारखे गोल अंगाचे वीतभर होतात, लांब शेपटीचा कॉमेट फूटभर. तुमच्या टाकीत सुमारे 140 लिटर पाणी बसतं. दोन गोल अंगाचे मासे त्यात सुखाने राहतील. चार एकदम, तेही कोऱ्या टाकीत, फार झाले. ही टाकी तुम्ही घेतलीत हे चांगलंच झालं. बाऊलमध्ये हा चौथाही टिकला नसता.

खाण्याचं एवढंच, की मूल दिवसातून चार वेळा दाणे टाकणार हे आम्हाला माहीत असतं. गोल्डफिशला जठर नसतं, भूक भागल्याचं त्याला कळत नाही, तो मागतच राहतो. पुढच्या आठवड्यापासून दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच द्या, दाणे आधी भिजवून. मधूनमधून उकडलेल्या मटाराचा साल काढलेला अर्धा दाणा दिलात तर पोटही साफ राहील. हे काम मुलालाच द्या, वेळ ठरवून.

आता फिल्टर आणि पैसे. मोटरची गॅरंटी आहे. ती आमच्यासमोर चालवून पाहू, दोष निघाला तर त्याच दिवशी नवीन देऊ, पावती नसली तरी. दोष नसेल तर पैसे परत देता येणार नाहीत. दुसऱ्या दुकानातले मासे आजारी होते का, हे न पाहता मी बोलणार नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं अमोनियाची आहेत, एवढंच म्हणतो.

येताना टाकीतलं पाणी एका स्वच्छ बाटलीत आणा. अमोनिया, नायट्राइट, पीएच तिन्ही तपासून देतो, त्याचे पैसे आम्ही कुणाकडूनच घेत नाही. नायट्राइट निघाला तर लिटरला 1 ग्रॅमच्या हिशोबाने, म्हणजे तुमच्या टाकीला 140 ग्रॅम खडेमीठ, थोडं थोडं विरघळवून दिवसभरात घालायचं. त्याने नायट्राइट रक्तात शिरणं अडतं. पण तपासल्याशिवाय नको. शिवाय आमच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या चालत्या स्पंजचा एक तुकडा टाकीच्याच पाण्यात भरून देईन. वाटेत कुठे न थांबता घरी नेऊन तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, तो वाळता कामा नये. त्याने महिन्याचं काम बरंच लवकर होईल. तोवर नवीन मासा कुठूनही आणू नका, आमच्याकडूनही नाही.

दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. मोटर आणाल तेव्हा फक्त मोटर आणा, स्पंज टाकीच्या पाण्यातच एअर स्टोनजवळ, म्हणजे एअर पंपाचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाजवळ, ठेवून या.