कळव्याच्या कुंपणाबाहेरचं इलेक्ट्रिकल

जून-जुलै उजाडला की ठाण्याहून येणाऱ्या फोनवर दुसरा विषयच नसतो. सीईटीचे पर्सेंटाइल लागलेले असतात, कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरायचा असतो आणि घरोघरी एकच खल चाललेला असतो. चांगल्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल घ्यावं की मिळेल त्या कॉलेजातलं कॉम्प्युटर? आता त्यात एआय आणि डेटा सायन्सची भर. 2024 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय परिषदेने, चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांवरची प्रवेशसंख्येची मर्यादा उठवली, आणि इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल अशा कोअर ब्रांचचं काय होणार ही चर्चा जास्तच पेटली. एक बाजू म्हणते, मुलं येत नाहीत तर जागा बंद करा. दुसरी म्हणते, देश याच शाखांवर उभा आहे, त्या वाचवा.

मी कळव्यात वाढले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कॉलेजातून इलेक्ट्रिकल केलं आणि आता काही वर्षं जर्मनीत, ड्रेस्डेनला आहे. काम प्रोटेक्शनचं. वाहिनीवर फॉल्ट (बिघाड) आला तर कुठल्या रिलेने (बिघाड ओळखणाऱ्या उपकरणाने) किती मिलिसेकंदांत कुठला ब्रेकर (वीज तोडणारा स्विच) उघडायचा, याची गणितं दिवसभर करत असते. इथे बसून घरचा हा वाद ऐकते तेव्हा दोन्ही बाजूंचा मूळ मुद्दाच सुटलाय असं वाटतं. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला ब्रांचच्या नावावर आयुष्य ठरवायला लावणं चूक आहे. आणि ते नाव घेतल्यावर चार वर्षं त्याला खऱ्याखुऱ्या विजेपासून लांब ठेवणं ही त्याहून मोठी चूक आहे.

ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात इलेक्ट्रिकलला एक प्रवेश, इलेक्ट्रॉनिक्सला दुसरा आणि एक्स्टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनला) तिसरा, असा प्रकार नाही. सुरुवातीची वर्षं सगळ्यांना तेच गणित, तीच सर्किट्स, तीच फील्ड थिअरी. पॉवर घ्यायचं, मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं की ऑटोमेशन, हे नंतर ठरतं, म्हणजे मुलाने मशीनही हाताळलेलं असतं आणि सिग्नलही पाहिलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतही जड प्रवाहवाले (मोटर, वीजपुरवठा) आणि हलक्या प्रवाहवाले (तार, टेलिफोन) असे दोन गट होतेच. ऑसिलेटर शिकताना आपण सगळे ज्याचा क्रायटेरियन पाठ करतो, तो बार्कहाउझेन 1911 साली याच ड्रेस्डेनमध्ये हलक्या प्रवाहाचा प्राध्यापक झाला. आज पदवीच्या पातळीवर ती भिंत इथे राहिलेली नाही, कारण प्रत्यक्ष कामातच ती राहिलेली नाही.

यासाठी जर्मनीचा दाखला कशाला, ठाणे स्टेशनवर उभं राहिलं तरी पुरे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. मध्य रेल्वेच्या सगळ्या उपनगरी मार्गांवर 25 हजार व्होल्ट एसी यायला 2016 उजाडलं. जुन्या गाडीत डीसी मोटर असायची आणि वेग आवरायला मधे रेझिस्टन्स घातलेले असायचे, म्हणजे गाडी सुटताना कितीतरी वीज नुसती तापून वाया जायची. नव्या गाडीत वरची एसी आधी डीसी होते, मग आयजीबीटी, म्हणजे अतिवेगाने उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, तिची पुन्हा हव्या त्या फ्रिक्वेन्सीची थ्री-फेज एसी करतात आणि ती मोटरला मिळते. ब्रेक लावला की तीच मोटर जनरेटर होते आणि वीज परत वरच्या तारेत जाते. आता ही गाडी इलेक्ट्रिकलवाल्यांची की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची? आमच्या कॉलेजात हे दोन विभाग वेगवेगळ्या मजल्यांवर होते आणि चार वर्षांत एकमेकांच्या लॅबमध्ये पाय ठेवायची वेळ आली नाही.

इथल्या सहकाऱ्यांशी बोलताना पडघ्याचा विषय मी मुद्दाम काढते. जर्मनीत सध्या उत्तरेकडची वाऱ्याची वीज दक्षिणेला न्यायला जुएडलिंक नावाची सुमारे 700 किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसीची) वाहिनी टाकताहेत. डोक्यावरून तारा नकोत म्हणून गावंच्या गावं विरोधात गेली, मग ती जमिनीखालून न्यायचं ठरलं, वर्षांमागून वर्षं गेली आणि आता 2028 ची वाट पाहणं चाललंय. मी सांगते, माझ्या जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला, 1999 पासून अशी वाहिनी येऊन पोचली आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज अधिक-उणे 500 केव्ही डीसीवर साडेसातशे किलोमीटर येते, क्षमता 1500 मेगावॉट, आणि पडघ्याला तिची पुन्हा एसी होते. ऐकणारे चकित होतात. मग कुणीतरी विचारतं, "मग तू शिकताना तिथेच काम केलं असशील ना?"

नाही केलं. कळव्याहून पडघा तासाभराच्या अंतरावर, आणि मी ते केंद्र विद्यार्थिनी म्हणून आतून कधीच पाहिलं नाही. डीसीची एसी करणाऱ्या थायरिस्टर व्हॉल्व्हची आकृती मात्र परीक्षेत सुबक काढली, दहापैकी आठ मार्कही मिळाले. कळव्याचं 400 केव्हीचं सबस्टेशन तर आम्हा मुलांना रोज दिसायचं. ऐरोलीला ठाणे-बेलापूर रस्त्यावर राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे, अख्ख्या महाराष्ट्राची वीज क्षणाक्षणाला तिथून जुळवली जाते. आम्ही कुंपणाच्या या बाजूने बसने कॉलेजला जायचो आणि लोड फ्लोचं, म्हणजे कुठल्या तारेतून किती वीज जाईल याचं, गणित वहीत सोडवायचो.

लॅबचं सांगायलाच हवं. इंडक्शन मोटरचा एक सेट, भोवती दहा-बारा जणांचा घोळका. कनेक्शन दोघे करायचे, तेच दोघे सेमिस्टरभर. एक जण ऱ्हिओस्टॅट सरकवायचा, एक जण वॅटमीटर मोठ्याने वाचायचा, उरलेले मागे उभं राहून आकडे उतरवायचे. वॅटमीटरचा काटा उलटा गेला तर लॅब असिस्टंट येऊन दोन वायरी बदलून जायचा. का बदलल्या, हे विचारायला वेळ नसे, कारण पुढची बॅच दारात उभी. मग ग्राफ काढायचा, जर्नल सबमिट करायचं, एक्स्टर्नलसमोर ओरल द्यायची. मुलं हुशार होती आणि शिकवणारेही मनापासून शिकवायचे. अभ्यासक्रमाला मात्र आमच्या हातांची गरजच नव्हती.

इथे दोघातिघांचा गट असतो. प्रयोगाआधी तोंडी प्रश्न होतात आणि तयारी नसेल तर परत पाठवतात, मग खुशाल पुढच्या तारखेला या. पाच वर्षांच्या डिप्लोम अभ्यासक्रमात (हा आपल्याकडचा डिप्लोमा नव्हे, मास्टर्सच्या तोडीची पदवी) एक सेमिस्टर प्रत्यक्ष उद्योगात काढावं लागतं. माझ्या टीममध्ये अशी मुलं येतात. पहिल्या महिन्यात ती रिलेचं सेटिंग वाचायला घाबरतात. तिसऱ्या महिन्यात फॉल्टच्या रेकॉर्डवर बोट ठेवून सांगतात, इथे ब्रेकरला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागलाय, बघा. ही नजर परीक्षेने येत नाही.

म्हणून सगळं इथलंच उचलून न्यावं, असं मात्र मी म्हणणार नाही. इथल्या बहुतेक विद्यापीठांत सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात की अभ्यासक्रम संपला. तोच अभ्यासक्रम मग देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या गणितात कितीतरी मुलं गळतात. आपल्याकडे केटीला, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जायच्या सवलतीला, नावं ठेवायची पद्धत आहे, पण घरी आजारपण आलं, नोकरी करून शिकावं लागलं, पहिल्यांदाच इंग्रजीतून शिकायची वेळ आली, अशा किती मुलांना केटीने तारून नेलंय हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती माणुसकी आपण सोडू नये. जर्मन मुलंही इलेक्ट्रिकलकडे पाठ फिरवताहेत, आणि हवामान बदलावर रस्त्यावर उतरणारी पिढी ट्रान्सफॉर्मर शिकायला का येत नाही, यावर इथेही डोकी खाजवली जातात.

आणि 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे ठाण्यात जितक्या सहज सांगितलं जातं तितकं सोपं नाही. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं. पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला 1500 युरो घेतं, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) आधीच दाखवावे लागतात. घणसोली-कोपरखैरण्यातली घरं त्यासाठी कर्ज काढतात. जे शिकायला ही मुलं सहा हजार किलोमीटरहून लांब येतात, त्यातलं निम्मं कॉलेजपासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर आहे. याचं मला मनापासून दुःख होतं.

12 ऑक्टोबर 2020 आठवतोय ना? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात. लोकल जागच्या जागी थांबल्या, तेही कोविडच्या दिवसांत. पडघा-कळवा वाहिन्या बाहेर, पाठोपाठ खारघरला येणारी पुण्याची वाहिनी ट्रिप, आणि असं काही झालं तर मुंबईला बाकी ग्रीडपासून वेगळं काढून वाचवणारी आयलँडिंगची योजना त्या दिवशी टिकली नाही. तेव्हा टीव्हीवर सायबर हल्ल्याच्या गोष्टी रंगल्या. युरोपातही 28 एप्रिल 2025 ला भर दुपारी जवळपास अख्खा स्पेन आणि पोर्तुगाल बंद पडला आणि तासाभरात लोकांनी सौरऊर्जेला दोषी ठरवून टाकलं. झालं होतं ते असं की ग्रीडवरचं व्होल्टेज चढत गेलं, ते खाली खेचणारी क्षमता कमी पडली आणि स्वतःला वाचवण्यासाठी वीजकेंद्रं एकामागून एक सुटत गेली. यात सिंक्रोनस मशीन (वीजकेंद्रातला मोठा जनरेटर) आहे, इन्व्हर्टरचं (डीसीची एसी करणाऱ्या यंत्राचं) कंट्रोल आहे आणि प्रोटेक्शनही आहे. नुसता पॉवरवाला किंवा नुसता इलेक्ट्रॉनिक्सवाला अशा दिवशी अर्धंच चित्र पाहतो.

2020 नंतर आपल्याकडे काम झालंय. खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली. मुंबईत येणाऱ्या विजेसाठी आणखी एक मोठी वाट तयार झाली, याचं इथे बसून मला फार बरं वाटलं. दुसरीकडे ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरमागून डेटा सेंटर उभं राहतंय. ज्या एआयसाठी मुलं इलेक्ट्रिकल सोडताहेत, ते एआय तिथल्याच ट्रान्सफॉर्मर, यूपीएस आणि स्विचगिअरवर चालणार आहे.

पण म्हणून पालकांना दोष देता येत नाही. कॅम्पसला आयटी कंपन्या घाऊक भरती करतात आणि कोअरमधल्या कंपन्या मोजकी मुलं घेतात, तीही सुरुवातीला कमी पगारावर. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगारातून हप्ता जायचा आहे, त्या घराला देशसेवेचं व्याख्यान देणं मला जमणार नाही. 'इलेक्ट्रिकल वाचवा' म्हणणाऱ्यांनी आधी त्या पगाराबद्दल बोलावं. पहिली दोन वर्षं एकत्र शिकवली, कोडिंग आणि मशीन दोन्ही हाताखालून गेलं, तर त्या घरालाही दोन्हीकडचे पर्याय राहतात आणि कॅपच्या फॉर्मवरचा हा जीवघेणा निर्णय दोन वर्षं पुढे जातो.

उद्योगातल्या सेमिस्टरचंही तसंच. इंटर्नशिप आजही अभ्यासक्रमात आहे, पण बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन सर्टिफिकेटवर तिची बोळवण होते. 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, पदवीधरांच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलतं. तीच सोय पदवीच्या सहाव्या किंवा सातव्या सेमिस्टरला लावून द्यावी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, महापारेषणची (राज्याच्या वीजवहन कंपनीची) केंद्रं, रेल्वेची ट्रॅक्शन सबस्टेशनं आणि ही नवी डेटा सेंटर्स एवढी जागा देशात फार थोड्या शहरांजवळ आहे. सुरक्षेचं कारण पुढे करतील. ते रास्त आहे, 400 केव्हीच्या यार्डात कुणीही हिंडू नये. पण परमिट, अर्थिंग, सुरक्षित अंतर हे शिकवूनच मुलांना आत न्यायचं असतं आणि ते शिक्षण यार्डातच होतं.

आणि मुलींचं. "मुलगी सबस्टेशनवर काय करणार?" हा प्रश्न मला कळव्यात विचारला गेला, आणि माझ्या भाचीला या वर्षीही विचारला गेला. ड्रेस्डेनच्या वर्गांतही मुली कमीच आहेत, तेव्हा यात जर्मनीकडून शिकण्यासारखं फारसं नाही. रात्रपाळीत फॉल्ट शोधणाऱ्या, हेल्मेट घालून यार्डात उतरणाऱ्या बायका इथे माझ्या टीममध्ये आहेत, तशा महाराष्ट्रातही आहेत. वायरमनचं काम शिकून महावितरणमध्ये खांबावर चढणाऱ्या मुलीही आहेत. उद्योगातलं सेमिस्टर सक्तीचं करायचं ठरलं, तर पहिल्या बॅचच्या आधी त्या प्रत्येक केंद्रावर मुलींसाठी कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह आणि शिफ्ट संपल्यावर स्टेशनपर्यंत सोडणारी गाडी हवी. कॉलेजांनी कंपन्यांशी करायच्या करारात ही कलमं सगळ्यात वर घालावीत.