बोटीचा विमा मागतोय, मेहेरबानी नाही

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. आज परत विमावाल्याकडनं हात हलवत आलो. त्या पोराला काय बोलणार? त्यानं यादी उघडून स्क्रीन माझ्याकडं फिरवली. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, जेसीबी, दुकान, गोठ्यातली म्हैस. बोट नाही. त्यानं वरच्या साहेबाला फोन लावला. तिकडनं उत्तर आलं, "रजिस्ट्रेशनचे कागद पाठवा, मग मुंबईला विचारून बघू."

अहो, रजिस्ट्रेशन तर मिळंना!

उजनीच्या पाण्यावर बोट आहे माझी. करमाळ्याच्या बाजूचं आमचं गाव. आज्याची जमीन धरणात गेली, मग घरात जाळं आलं, आता मशीनची बोट. माणसं पलीकडं इंदापूर तालुक्यात सोडतो, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. समोर दिसणारा काठ रस्त्यानं गाठायचा म्हणलं तर सगळ्या जलाशयाला वळसा घालावा लागतो. दवाखाना असू दे, बाजार असू दे, मयत असू दे, माणूस बोटीनंच जाणार. १९८० ला धरण पुरं झालं तेव्हापासून हेच चालू आहे. कुणाला माहीत नाही असं नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. १९१७ चा इंग्रजांच्या काळातला कायदा काढून २०२१ ला नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. मशीनवर चालणाऱ्या बोटीची नोंदणी पाहिजे, तपासणीचं सर्टिफिकेट पाहिजे, चालवणाऱ्याकडं पात्रतेचं सर्टिफिकेट पाहिजे. आणि विमा पाहिजेच, म्हणजे प्रवासी गेला किंवा जखमी झाला तर भरपाई मिळेल. एक न् एक गोष्ट बरोबर आहे. माझी तक्रार कायद्यावर नाहीच. मला तो पाळायचाय, आणि पाळू देत नाहीत, ही तक्रार आहे.

पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडं गेलो, प्रवासी वाहतुकीची परवानगी द्या म्हणलं. ते म्हणाले, आधी बोटीची नोंदणी आणा. नोंदणीवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, आधी जलाशयाची ना हरकत आणा. नोंदणीला तपासणी लागते, आणि तपासणीला बोट बांधायच्या आधी मंजूर केलेलं ड्रॉइंग लागतं. आमच्या बोटी गावातल्या वेल्डिंगवाल्यानं पत्रा वाकवून बांधलेल्या. त्याला ड्रॉइंग कोण विचारणार होतं, न् कधी? बरं, नसेल चालत तर तसं सांगा. हिच्यात हवेच्या टाक्या बसवा, काठ एवढा उंच करा, माणसं एवढीच घ्या, असं कुणीतरी हात लावून, बघून सांगा. बसवतो ना! पण बघायलाच कुणी येत नाही. बोटी तपासणारे सर्व्हेअर सगळे मुंबईत न् कोकणात. ही बोट काय ट्रकवर घालून समुद्राला न्यायची? एका टेबलावर तर मला "बंदर कुठलं?" असा रकाना भरायला सांगितला. उजनीला कुठलं बंदर आलं? रकाना मोकळा सोडला, तर अर्ज अपुरा म्हणून परत.

आणि हे सगळं कधीपासून सांगतोय? २१ मे २०२४ ला करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला जाणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन लहान लेकरं. एक जण तेवढा पोहून काठाला लागला. ज्यांनी उजनीचा वारा बघितलाय त्यांना विचारा. मे महिन्यात दुपार कलली की पाच मिनिटांत पाणी खवळतं, लाटा बोटीत येतात. त्या दिवसापासून मी लाइफ जॅकेटचं बक्कल लावल्याशिवाय कुणाला बसू देत नाही, मग तो सरपंच असू दे नाहीतर पाहुणा. आभाळ भरलं की बोट काठाला. ते माझ्या हातात आहे, ते मी करतो. विमा माझ्या हातात नाही.

अपघात झाला की पहिला हुकूम काय, तर बोटी बंद. मग बातम्या थंडावतात, माणसं काठावर येऊन उभी राहतात, बोटी चालू. कागद तेव्हाही नव्हते, आताही नाहीत. पंढरपुरातही चंद्रभागेला वरनं पाणी सोडलं की होड्या बंद, पाणी उतरलं की वारकरी परत होडीत. बंद करणं सोपं आहे हो, त्याला एक सही पुरते.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? मच्छीमार म्हणून माझा अपघात विमा आहे, मत्स्य संपदा योजनेतला, ५ लाखांचा. म्हणजे उद्या बोट बुडाली तर माझ्या घराला काहीतरी मिळेल. आणि माझ्या भरवशावर पैसे देऊन बसलेल्या बाईला, तिच्या लेकराला? काही नाही. सरकारनं मदत जाहीर केली तर केली. रिक्षाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा, आणि इथं जिथं पायाखाली जमीनच नाही तिथं विकत मागूनही मिळत नाही. हप्ता भरायला मी तयार आहे. फुकट नकोय.

लायसनसाठी आरटीओचा कॅम्प तालुक्याला लागतो ना? तसाच बोटींचा कॅम्प लावा. सर्व्हेअर, परवानगीवाले, विमावाले एका मांडवात बसवा. चालवणाऱ्यांची परीक्षा तिथंच घ्या, पाण्यात. ज्या बोटी नापास होतील त्या खुशाल बंद करा, माझी झाली तर माझीही. करमाळ्यात लावा, टेंभुर्णीत लावा, कुठंही लावा. फक्त पुढचा मे यायच्या आत लावा.