चार खोडांचा बागायतदार

जळगावात आमच्या मागच्या अंगणात विटा रचून केलेला एक उंच वाफा आहे. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. सासुरवाडी रावेरकडची, आणि तिकडे बागायत किती हे केळीच्या खोडांवरून सांगतात. सासऱ्यांनी फोनवर विचारलं, "जावईबापू, वांगी किती लावली?"

"चार."

"चार हजार?"

"नाही. चार."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

लावणीचं काय, ती कोणीही करतो. माणूस कळतो तो काढणीला. मेथी महिन्याभरात तयार झाली आणि घरात दोन तट पडले. सासऱ्यांचा फोनवरून हुकूम : उपटू नका, कापा, मुळांवरच्या गाठींत नत्र असतं, ते मातीतच राहू द्या. बायकोचं म्हणणं, मुळं नसलेल्या जुडीला जुडी म्हणतच नाहीत. मी अर्धी कापली, अर्धी उपटली. दोन्हीकडून बोलणी खाल्ली. निवडल्यावर उरली मूठभर. ती तुरीच्या डाळीत घातली, तेव्हा कुठे पानात दिसली.

वांग्यांचं प्रकरण जास्त नाजूक. भरताचं वांगं म्हणजे आमच्याकडे भाजी नव्हे, दैवत. 2016 साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्याच्याशी चढ्या आवाजात बोलायची सोय नाही. हिवाळाभर ती फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, बडगीत कुटली, कळण्याच्या भाकरीबरोबर संपवली. फेब्रुवारी सरता सरता झाडं दमली. मी खुरपं घेऊन वळलो तर बायको आडवी. "अहो, फूल आहे अजून!" त्या एका फुलासाठी सगळा वाफा आठवडाभर अडला. फुलाचं वांगं झालं ते लिंबाएवढं, आणि त्यातही अळी आधीच राहायला आलेली.

शेवटी झाडं उपटली, ढेकळं फोडली, शेणखत मिसळून माती वर ओढली. शेजारच्या अमळनेरच्या काकू कुंपणावरून वाकल्या. "हाई काय शे, भाऊ? वावर शे का समाधी?"

मोकळी जमीन दिसली की खानदेशात प्रत्येकाला सल्ला सुचतो. काकू म्हणाल्या मिरची, मुलगा म्हणाला टोमॅटो. सासऱ्यांनी दोन्ही नावं तिथल्या तिथे खोडली. वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा सगळे एका कुळातले; एकाचा मर रोग मातीत दबा धरून बसतो आणि दुसऱ्याला गाठतो. थोडक्यात, वांग्याच्या जमिनीत वांग्याचे भाऊबंद नकोत. सातबाऱ्यावर नाव चढवताना तलाठीही इतकी वंशावळ तपासत नसेल.

ठरली भेंडी आणि गवार. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं, बोटाच्या पेराएवढं खोल टोकलं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा रोपांचे हाल नकोत म्हणून आताच बांबू रोवून हिरवी जाळी ताणली. या जाळीच्या पैशात उन्हाळाभराची भेंडी बाजारातून आली असती, हे बायकोने एकदाच सांगितलं, पण पाहुण्यांसमोर.

भेंडीने माना वर काढल्या, गवार निघाली, आणि मधोमध एक तिसरंच रोप. कातरलेली पानं, चुरगळली की हाताला तो ओळखीचा वास. खतात स्वयंपाकघरातला ओला कचरा होता, त्यातून टोमॅटो उगवला. मी हात घालणार, तोच काकू कुंपणावरून ओरडल्या, आपोआप आलेलं झाड उपटू नये.

रविवारी सासरे येताहेत. रोपावर मी टोपली पालथी घातली आहे आणि वर वीट ठेवली आहे.