खुलासा: एस्टीमचं इंजिन गिअरबॉक्ससकट जिप्सीत बसत नाही

‘भंगारातल्या एस्टीमचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचला, जिप्सीत सरळ बसतं,’ असा मेसेज मारुतीच्या एस्टीम कार आणि जिप्सी या जीपसारख्या गाडीबद्दल फिरतोय. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोकांचे पैसे बुडतात.

खरं इतकंच, की 1.3 लिटरच्या जिप्सीचं इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं. त्यामुळे आतले काही पार्ट जुळतात. पण एस्टीमची ताकद पुढच्या चाकांना जाते, इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेनं. जिप्सीत ते उभं, म्हणजे लांबीच्या दिशेनं. गिअरबॉक्समागे छोटा शाफ्ट, मग वेगळी ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा. एस्टीमच्या गिअरबॉक्सला हा शाफ्ट जोडायला जागाच नाही! 970 सीसीच्या जुन्या जिप्सीचं इंजिन तर मुळातच वेगळं.

मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारात जाणार असाल, तर आपला काढलेला पार्ट सोबत न्या, शेजारी ठेवून दात मोजा, भोकं जुळवा. जुनी कार्ब्युरेटरवाली इंजिनं आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी) यांतही गल्लत नको. अख्खं इंजिन घेताना त्यावरचा नंबर स्वतः वाचा, मूळ गाडीची कागदपत्रं मागा. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावीच लागते. नंबर घासलेला दिसला, तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका.