गोळी झाडणारा आणि हात मिळवणारा

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला की आपण मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स एवढ्यावर थांबतो. मेडगर एव्हर्सचं नाव क्वचितच कुणी घेतं.

मिसिसिपी राज्यातला हा काळा माणूस दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला होता. घरी परतून 1946 मध्ये मत द्यायला गेला, तर बंदुका घेतलेल्या गोऱ्या जमावाने परत पाठवलं. पुढे विमा विकत तो खेडोपाडी फिरला, शेतमजुरांची हलाखी जवळून पाहिली. 1954 मध्ये एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा मिसिसिपीतला पहिला पूर्णवेळ सचिव झाला. एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराच्या खुनात साक्षीदार शोधत हिंडणाऱ्यांमध्ये तो होता. जॅक्सनमधल्या त्याच्या घराला समोरचं दारच नव्हतं. गाडी लावायच्या जागेतून आत शिरायचं, म्हणजे रस्त्यावरून नेम धरता येणार नाही. गोळीचा आवाज आला की जमिनीवर पालथं पडायचं, हे मुलांना शिकवून ठेवलं होतं. 12 जून 1963 च्या मध्यरात्रीनंतर त्याच दाराशी, गाडीतून उतरताना, त्याला पाठीत गोळी घातली.

त्याच शहरात युडोरा वेल्टी राहत होती. गोरी, नावाजलेली कथालेखिका. बातमी कळल्यावर तिने झपाट्याने एक कथा लिहिली, 'व्हेअर इज द व्हॉइस कमिंग फ्रॉम?' सगळी कथा खुन्याच्या तोंडून. खुनी तेव्हा सापडलाही नव्हता. कथा 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात 6 जुलैला छापून येईपर्यंत मात्र एकाला अटक झाली होती, आणि कथेतले काही तपशील खऱ्याच्या इतके जवळ निघाले की ते बदलावे लागले.

कथेतल्या खुन्याला सलतं काय, तर टीव्हीवर दिसणारा तो काळा चेहरा आणि त्या माणसाच्या घरापुढचं हिरवंगार गवत. बस्स. मला इथेच वेल्टीची ताकद दिसते. द्वेषाला तिने कसलंही तत्त्वज्ञान दिलं नाही, गल्लीतली जळजळ दिली. खुन्याच्या मनात शिरणं म्हणजे त्याची बाजू घेणं, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटत नाही.

पण एक गोष्ट तिच्या हातून निसटली, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. तिचा खुनी गरीब, मेव्हण्याच्या ट्रकमधून जाणारा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. खरा आरोपी बायरन डी ला बेकविथ खतं विकायचा हे खरं, पण आजोळ जुन्या जमीनदारांचं, उतरती कळा लागलेलं का होईना. गोऱ्या वर्चस्वासाठी झटणाऱ्या सिटिझन्स कौन्सिलचा तो सभासद. तोही महायुद्धात लढून आलेला, गंमत बघा. 1964 मध्ये खटला चालू असताना माजी गव्हर्नर रॉस बार्नेट कोर्टात येऊन त्याच्याशी हात मिळवून गेले. त्या वर्षी खटला दोनदा चालला, सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीचं दोन्ही वेळा एकमत झालं नाही आणि बेकविथ घरी गेला.

वंशद्वेष हा अडाणी, फाटक्या माणसाचा रोग आहे, ही समजूत सुशिक्षितांना फार सोयीची असते. वेल्टीसारख्या तीक्ष्ण नजरेच्या बाईलाही ती चकवून गेली. म्हणून ही कथा वाचाच, पण मेडगरचं आयुष्य शेजारी ठेवून वाचा. कथेत तो टीव्हीवरचा चेहरा आणि अंगणात पडणारा देह एवढाच उरतो. मताचा हक्क मागणारा, साक्षीदारांची मनधरणी करणारा, दाराची जागा बदलणारा मेडगर तिथे भेटत नाही.

त्याची बायको मर्ली मात्र मागे हटली नाही. तिसरा खटला उभा राहिला आणि 5 फेब्रुवारी 1994 रोजी बेकविथ दोषी ठरला. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. मेडगर गेला तेव्हा सदतीस वर्षांचा.