हवे असणे आणि आवडणे

आमच्या घरात गेले दोन महिने एकच वाद चालू आहे. पुतण्याला चांगली चाललेली नोकरी सोडून ध्वनिमुद्रण शिकायचे आहे. दादाच्या मते इच्छेला अंत नसतो, एक पुरवली की दुसरी उभी राहते. तेव्हा आहे त्यात मन रमवावे. मन मारून जगणाऱ्याचे समाधान म्हणजे बहुतेक वेळा नुसता थकवा असतो, असे वहिनी म्हणते. मी परदेशात राहतो म्हणून निवाडा माझ्याकडे.

इथे ‘तुम्हाला काय हवे आहे?’ हा प्रश्न लहान मुलांनाही विचारतात. आल्यानंतर पहिल्याच वर्षी वरिष्ठांनी मला तो विचारला, तेव्हा लक्षात आले की आपल्याकडे जबाबदाऱ्या आहेत, धास्ती आहे, पण आपली म्हणून सांगावी अशी इच्छा एकही नाही. मी त्यांना आवडेल ते उत्तर दिले. पुढे कळले की इथलेही अनेकजण तेच करतात. घरी हा प्रश्न विचारत नाहीत आणि इथे त्याची उत्तरे तयार मिळतात. दोन्हीकडे माणूस स्वतःला चुकवू शकतो.

मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे उंदरांवरचे प्रयोग या वादात मला फार उपयोगी वाटतात. मेंदूतील डोपामीन हे संदेशवाहक रसायन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर समोर अन्न असूनही खायला पुढे होत नसत. पण गोड पाणी तोंडात सोडले, की पूर्वीसारखेच चवीने ओठ चाटत. म्हणजे हवे असणे आणि आवडणे या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेपण संपले तर आवडत्या गोष्टीसाठीही कोणी जागचे हलणार नाही, हे दादाने ऐकावे. (ज्या परंपरेचा तो हवाला देतो तिनेच काम, म्हणजे इच्छा, हा चार पुरुषार्थांत धरला आहे, हे तो सोयीने विसरतो.) आणि व्यसनी माणसाला जे अनावर हवे असते ते त्याला फारसे आवडतही नसते, हे वहिनीने ऐकावे.

मग इच्छा आपली आहे की उसनी, हे ओळखायचे कसे? केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडले, की मनापासून पटलेल्या ध्येयासाठी माणूस अधिक चिकाटीने झटतो आणि ते गाठल्यावर त्याला समाधानही अधिक मिळते. मला हे संध्याकाळच्या सुतारकामाच्या वर्गात उमगले. माझी खरी इच्छा सुतारकाम येणारा माणूस म्हणवून घेण्याची होती. पहिल्या पेटीचे झाकण बसेना, कारण मी लाकडाच्या रेषांविरुद्ध रंधा मारून फळी फाडून ठेवली होती. शेजारच्या बाई तशीच फाटलेली फळी चौथ्यांदा उलटसुलट करून, बोटाने चाचपून, पुन्हा रंध्याखाली घेत होत्या आणि वर्ग संपल्याचे त्यांना कळलेही नव्हते. मी तिसऱ्या महिन्यात वर्ग सोडला, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. त्याच वर्षी रात्रशाळेत प्रौढांना गणित शिकवू लागलो; तेच अपूर्णांक अकरा वर्षे शिकवतो आहे आणि अजून कंटाळलेलो नाही.

म्हणून मागच्या रविवारी सगळे फोनवर असताना मी पुतण्याला एवढेच विचारले, की या कामातले सर्वांत कंटाळवाणे काय आहे? तो वीस मिनिटे बोलला. एका ध्वनिफितीत गायिकेच्या श्वासाचा आवाज दोन शब्दांच्या मध्ये येत होता. तो काढला तर गाणे निर्जीव वाटे आणि ठेवला तर खटके. तो किती ठेवायचा हे ठरवण्यात त्याच्या तीन रात्री गेल्या होत्या. दादा सगळे ऐकत होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने विचारले, “फी एकदम भरायची, की हप्ते चालतात?”