सिएटलने बायसन पाहिले कुठे?

पाच जून, म्हणजे पर्यावरण दिन, आला की ते पत्र येतंच. यंदा आधी आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलं, मग सोसायटीच्या ग्रुपवर आलं, दुपारपर्यंत शाळेच्या बॅचच्या ग्रुपवरही. ‘एका रेड इंडियन सरदाराने 1854 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं पत्र.’ तुम्हीही वाचलं असणार. आभाळ विकत कसं घेणार, नद्या आमच्या बहिणी आहेत, वगैरे. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी हसत नाहीये. नववीत वक्तृत्व स्पर्धेत मी हेच पत्र पाठ करून म्हटलं होतं, आवाज कापरा करून. दुसरा नंबर आला आणि स्टीलचा डबा मिळाला. आई त्यात अजून मेथ्या ठेवते.

आता त्या पत्रातलं एक वाक्य घ्या. सरदार सांगतो, धावत्या रेल्वेतून गोऱ्यांनी मारलेले हजारो बायसन मी माळावर सडताना पाहिलेत. हा सरदार म्हणजे सिएटल, त्यांच्या उच्चारात ‘सिआल’च्या जवळचं काहीतरी. सुक्वामिश आणि दुवामिश लोकांचा पुढारी. त्याचा मुलूख अमेरिकेच्या पार वायव्य टोकाला, प्युजेट साउंडच्या काठी. खाडी, पाऊस, सीडरची जंगलं आणि सामन मासा. तिथे बायसनचे कळप नव्हते. 1854मध्ये तिथे रेल्वेही नव्हती. पूर्वेकडून येणारी गाडी त्या किनाऱ्याला लागली 1883मध्ये. आणि सिएटल वारला 1866 साली. म्हणजे कोकणातल्या एखाद्या खोताने राजस्थानातल्या उंटांवरून गळा काढावा, तोही उंट कोकणात पोचायच्या आत स्वतः मेल्यावर.

मग हे लिहिलं कोणी? टेड पेरी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने, 1971च्या सुमारास. बॅप्टिस्ट ख्रिश्चनांच्या प्रसारण संस्थेसाठी प्रदूषणावर एक माहितीपट होत होता, त्याची संहिता पेरीने लिहिली. सरदाराच्या तोंडी घातलेलं भाषण त्याने रचलं होतं आणि तो ते लपवतही नव्हता. निर्मात्यांनी लेखक म्हणून त्याचं नावच टाकलं नाही. लोकांना वाटलं, सरदाराचेच शब्द. सालोमालोने तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवले म्हणतात. इथे बरोबर उलटं झालं, आणि लिहिणारा बिचारा पुढे वर्षानुवर्षं ‘अहो, ते माझं आहे’ म्हणत राहिला.

पेरीच्या आधीचा एक मजकूर आहे. हेन्री स्मिथ नावाच्या डॉक्टरने 29 ऑक्टोबर 1887च्या सिएटलमधल्या वर्तमानपत्रात तो छापला. सिएटलचं 1854मधलं भाषण मी ऐकलं होतं आणि तेव्हा टिपणं घेतली होती, असं त्याचं म्हणणं. भाषणाला तोवर 33 वर्षं झालेली, बोलणारा जाऊन 21. सिएटल इंग्रजी बोलत नसे. तो आपल्या लुशूटसीड भाषेत बोलायचा, दुभाषी ते चिनूक जार्गनमध्ये आणायचा, म्हणजे काहीशे शब्दांची व्यापारातली कामचलाऊ बोली, आणि तिथून मग इंग्रजी. या चाळणीतून स्मिथची ती अलंकारिक, नक्षीदार इंग्रजी वाक्यं कशी पडली असतील, हा प्रश्नच आहे. तरी मुळात काहीतरी असावं असं मला वाटतं. आमचे मेलेले लोक तुमच्या रस्त्यांवर गर्दी करतील, तुम्ही इथे कधीच एकटे नसाल, असं त्यात आहे. ते ‘नदी आमची बहीण’पेक्षा कितीतरी जास्त अंगावर येतं.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘अरे, भावना बघ ना, कोणी लिहिलं त्याने काय होतं?’

होतं काका. त्या पत्राने एका खऱ्या माणसाचा पुतळा करून टाकलाय. खरा सिएटल तरुणपणी लढवय्या होता, त्याच्याकडे गुलामही होते. लहानपणी जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्द्याची जहाजं पाहिल्याचं तो सांगायचा. पुढे कॅथलिक झाला. गोऱ्या वसाहतवाल्यांशी त्याने हिशेबाने मैत्री ठेवली, इतकी की त्यांनी गावाला त्याचं नाव दिलं. जानेवारी 1855मध्ये गव्हर्नर स्टीव्हन्सने पॉइंट एलियटला या लोकांच्या जमिनी घेण्याचा करार केला तेव्हा तिथे सिएटल जे बोलला त्याची सरकारी नोंद आहे. चार-सहा वाक्यं. त्यात आभाळ नाही, नदी नाही. शेवटी तो म्हणतो, डॉक्टर मेनार्डबद्दल माझं मन चांगलं आहे, त्यांच्याकडून मला नेहमी औषध मिळत राहावं. देवीच्या साथींनी त्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पाडली होती, हे लक्षात ठेवून ते वाक्य पुन्हा वाचा. मला त्या एका औषधापुढे पेरीची सगळी कविता फिकी वाटते.

करारातही कविता नाही, पण एक रुक्ष कलम आहे: नेहमीच्या, वहिवाटीच्या ठिकाणी मासे धरायचा हक्क या लोकांकडे राहील, ‘प्रदेशातल्या सर्व नागरिकांच्या बरोबरीने’. जमिनी गेल्या, पण मासे सोडले नाहीत. पुढची शंभर वर्षं मात्र त्याच नद्यांवर मासे धरले म्हणून त्यांच्या नातवंडा-पतवंडांना पोलीस पकडत राहिले. निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक ज्युनियरला पहिली अटक झाली चौदाव्या वर्षी. पुढे त्याने पन्नासच्या वर अटका भोगल्या. अखेर फेब्रुवारी 1974मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी त्या वेळच्या करारांची ती ओळ वाचून निकाल दिला: बरोबरीने म्हणजे निम्मे. धरण्याजोग्या सामनपैकी अर्धा वाटा करारातल्या जमातींचा. गोऱ्या मच्छीमारांनी बोल्टचा पुतळा फासावर लटकवला. 1979मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल बहुतांशी कायम केला. हे कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण यातला ‘इंडियन’ मावळतीकडे बघत नामशेष होत नाही. तो कोर्टात जातो आणि जिंकतो.

आणि दंतकथाच हव्या असतील तर त्यांच्या खऱ्या आहेत की. सामन ही समुद्राखालच्या गावांत राहणारी माणसंच. हंगाम आला की माशाचं अंग पांघरून नदीत चढतात. म्हणून हंगामातला पहिला सामन पाहुण्यासारखा वाजतगाजत आणायचा, सगळ्यांनी मिळून खायचा आणि त्याचा सांगाडा पाण्यात परत सोडायचा. म्हणजे तो घरी जाऊन सांगतो, माझा मान ठेवला. तुलालिप लोकांनी हा सोहळा 1970च्या दशकात पुन्हा सुरू केला.

जवळच एल्वा नदीकाठचे क्लालम लोक सांगायचे की आम्हाला जिथे घडवलं ती जागा याच नदीत आहे, एक खडक, त्यात विणलेल्या टोपल्यांसारखे दोन खोल खळगे. 1913मध्ये धरण झालं आणि ती जागा बुडाली. पुढच्या पिढ्यांनी ती फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली. 2011मध्ये धरण पाडायला घेतलं, तलाव उतरला, आणि 2012मध्ये तो खडक वर आला. खळगे तसेच. ‘धरती आमची माता’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी घालता येतं. हे नाही. या गोष्टीला पत्ता आहे.

सिएटलचं आणखी एक बोलणं नोंदलेलं आहे, 1858चं. सही करून तीन वर्षं झाली तरी करार वॉशिंग्टनमध्ये मंजूर झालेला नव्हता. तो विचारतो, आमचे कागद परत का येत नाहीत? येतायत म्हणता, पण येत नाहीत. आम्हाला विसरलात की काय, की जमिनीच्या बाबतीत फसवणार आहात? हिवाळाभर मी उपाशी होतो, आता आजारी आहे, मरायच्या आत जमिनीचे पैसे मिळावेत. धरणग्रस्तांबरोबर तहसील कचेरीच्या बाकावर बसलेल्या कुणालाही हा आवाज ओळखू येईल. सिनेटने करार मंजूर केला 1859मध्ये. आणि ज्या दुवामिश लोकांच्या जमिनीवर सिएटल शहर उभं आहे, त्यांना जमात म्हणून अमेरिकी सरकारची मान्यता आजही नाही; 2001च्या जानेवारीत जाणाऱ्या सरकारने दिली, त्याच वर्षी पुढच्या सरकारने काढून घेतली.

हे 1858चं बोलणं मी मराठीत करून घरच्या ग्रुपवर टाकलं. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग काकांनी अंगठा दाखवला. इमोजीतला. पाठोपाठ वहिनींचा मेसेज आला: ‘छान! पण ते आधीचं पत्र पुन्हा पाठवा ना, छोटीला स्पर्धेसाठी हवंय.’